सामाजिक संस्थेसाठी कर्ज कसे घ्यावे : अर्जाच्या आधीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

देणग्या आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना कर्ज या शब्दाची धास्ती वाटते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. अनुदानाचा पैसा ठरलेल्या कामावर खर्च करून हिशेब सादर केला की जबाबदारी संपते. कर्जाचा पैसा खर्च झाल्यावर मात्र ती सुरू होते. तरीही काही गरजा कर्जानेच नीट भागतात, आणि केवळ भीतीपोटी त्या अडवून धरल्याने चांगली कामे वर्षानुवर्षे खोळंबतात. विश्वस्त संस्था, सहकारी संस्था, ना-नफा कंपनी किंवा सामाजिक उद्योग यांचे कायदे देशागणिक वेगळे असले, तरी कर्ज घेण्यामागचा हिशेब सगळीकडे सारखाच आहे.

गरज कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवा

कर्ज शोभते ते मुख्यतः तीन प्रसंगी. पहिला, ज्या वस्तूमुळे उत्पन्न वाढणार आहे किंवा खर्च कायमचा कमी होणार आहे अशी वस्तू घेताना : वाहन, यंत्र, भाड्याऐवजी स्वतःची जागा. दुसरा, काम आज होते पण त्याचे पैसे दोन-तीन महिन्यांनी मिळतात, अशा वेळी लागणारे खेळते भांडवल. तिसरा, अनुदान लेखी मंजूर झाले आहे, मात्र ते खर्च केल्यानंतर हप्त्याहप्त्याने मिळणार आहे, तेव्हाचे तात्पुरते कर्ज. संस्था दरवर्षी तुटीत जात असेल आणि ती तूट भरण्यासाठी कर्ज काढायचा विचार असेल, तर तो विचार तिथेच थांबवावा. कर्जाने तूट मिटत नाही. ती व्याजासह पुढच्या वर्षात जाते.

हप्ता कोणत्या पैशातून जाणार?

माझ्या मते हा प्रश्न ‘कर्ज किती मिळेल’ या प्रश्नाच्या आधी विचारला गेला पाहिजे, आणि बहुतेक संस्थांत तो सर्वांत शेवटी विचारला जातो. संस्थेच्या खात्यात दिसणारी सगळी रक्कम संस्थेला हवी तशी वापरता येत नाही. एखाद्या दात्याने मुलींच्या वसतिगृहासाठी दिलेला पैसा त्याच कामाला बांधलेला असतो. त्यातून वाहनाच्या कर्जाचा हप्ता भरणे हा दात्याशी केलेला करारभंग आहे. म्हणून गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद समोर ठेवून निधीचे दोन भाग करावेत : विशिष्ट कामासाठी बांधील असलेला आणि संस्थेच्या मर्जीने वापरता येणारा. सेवाशुल्क, विक्री, भाडे, सभासद वर्गणी आणि बिनशर्त देणग्या दुसऱ्या भागात येतात. परतफेडीची ताकद मोजायची ती फक्त या दुसऱ्या भागावर.

मोजणी अशी करावी. समजा, दिव्यांग विद्यार्थ्यांची शाळेत ने-आण करणाऱ्या एका संस्थेला वाहनासाठी १२ लाखांचे कर्ज घ्यायचे आहे. व्याज वार्षिक १२ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच, मुदत ५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे २६,६९३ येतो, म्हणजे वर्षाला ३ लाख २० हजारांच्या आसपास. कर्ज देणारे साधारणपणे असे पाहतात की सगळा खर्च वजा जाता उरणारी रक्कम वर्षभराच्या हप्त्यांच्या किमान सव्वापट तरी असावी. या उदाहरणात ती ४ लाख हवी. बरोबर ३ लाख २० हजारच उरत असतील, तर एक मोठी दुरुस्तीसुद्धा हप्ता चुकवायला पुरेशी आहे.

वर्षाचा नव्हे, महिन्यांचा तक्ता मांडा

वर्षाचा हिशेब जुळला म्हणून कर्ज झेपेल असे होत नाही. वरच्याच संस्थेचे पाहा. शाळा वर्षातले १० महिने चालते, २ महिने सुट्टी असते, आणि केलेल्या कामाचे पैसे ६० दिवसांनी मिळतात. सुट्टीत अडचण येईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सुट्टीत आधीच्या दोन महिन्यांची बिले जमा होत असतात आणि इंधनाचा खर्च नसतो, त्यामुळे खाते भरलेले दिसते. खड्डा पडतो तो शाळा पुन्हा सुरू झाल्यावर : चालकाचा पगार चालू, इंधन चालू, हप्ता चालू, आणि जमा मात्र दोन महिने शून्य. हे ज्याने आधी कागदावर पाहिले आहे तो सुट्टीतली जमा हात न लावता बाजूला ठेवतो, किंवा कर्ज देणाऱ्याकडे तेवढ्या काळापुरते हप्ते कमी करून मागतो. अशी विनंती अर्जाच्या वेळी केली तर ती नियोजन ठरते. हप्ता चुकल्यावर केली तर ती थकबाकीची सबब ठरते.

तक्ता किमान २४ महिन्यांचा असावा. तो तयार झाला की उत्पन्न पाचव्या हिश्श्याने घटवून आणि येणी आणखी एक महिना लांबवून तोच तक्ता पुन्हा मांडावा. तरीही शिल्लक शून्याखाली जात नसेल, तर पुढे जावे.

अधिकार आणि कागदपत्रे

संस्थेच्या घटनेत किंवा नियमावलीत कर्ज काढण्याचा अधिकार आहे का, किती मर्यादेपर्यंत आहे आणि मालमत्ता तारण ठेवण्यासाठी सर्वसाधारण सभेची किंवा एखाद्या शासकीय नियंत्रकाची पूर्वपरवानगी लागते का, हे वाचून घ्यावे. मग रक्कम, कारण, मुदत आणि सही करणाऱ्यांची नावे असलेला ठराव रीतसर मंजूर करावा. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, चालू वर्षाचे अंदाजपत्रक, बँकेचे खातेउतारे आणि सेवेचे करार लागतात.

कोणाकडे मागावे

व्यापारी बँक हा एकच दरवाजा नाही. जर्मनीतल्या हेडेसडॉर्फ येथे फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांनी १८६४ साली शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली, तेव्हा तारण म्हणून द्यायला सभासदांकडे फारसे काही नव्हते. कार्यक्षेत्र लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे आणि कर्जाची जबाबदारी सर्वांची मिळून, हाच तिचा आधार होता. आजच्या पतसंस्था त्याच परंपरेतल्या आहेत. पुढे सामाजिक हेतू पाहून कर्ज देणाऱ्या बँकाही निघाल्या : नेदरलँड्समधली ट्रायोडोस १९८० साली, ब्रिटनमधली चॅरिटी बँक २००२ साली. याशिवाय सामाजिक गुंतवणूक निधी, काही रक्कम अनुदान व काही कर्ज अशी मिश्र मदत, आणि सभासदांकडूनच भांडवल उभारणे हेही मार्ग आहेत. सामाजिक हेतूची बँक व्यवसायाचे गणित ढिले घेत नाही, मात्र बांधील निधी आणि बिनशर्त निधी यांतला फरक तिला समजावून सांगावा लागत नाही, आणि तेवढ्याने अर्धे बोलणे सोपे होते.

मंजुरीपत्र वाचताना

व्याजाचा दर वाचण्याआधी तो कशावर आकारला जातो ते वाचावे. १२ लाखांवर ५ वर्षांसाठी १२ टक्के घटत्या शिलकीवर असतील, तर एकूण व्याज सुमारे ४ लाख होते. तेच १२ टक्के ‘फ्लॅट’ असतील, म्हणजे दरवर्षी मूळ रकमेवर मोजले जात असतील, तर व्याज ७ लाख २० हजार होते आणि हप्ता ३२,००० वर जातो. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर २० टक्क्यांच्याही थोडा वर आहे. दोन्ही कागदांवर आकडा मात्र १२ च छापलेला असतो, म्हणून दोन प्रस्तावांची तुलना नेहमी एकूण परतफेडीच्या रकमेवर करावी, आणि तीत प्रक्रिया शुल्क, विमा व मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क धरावे.

सुरुवातीला हप्ते न भरण्याची सवलत मिळत असेल, तर त्या काळात व्याज चालू राहते का ते विचारावे. वरच्या कर्जावर ६ महिन्यांचे व्याज मुद्दलात मिळवले, तर सवलत संपते तेव्हा देणे १२ लाख ७३ हजारांच्या पुढे गेलेले असते. सवलत घेऊ नये असे नाही. काम सुरू होऊन पैसे येईपर्यंत तिचा उपयोग होतो, पण ती फुकट नसते.

तारणाबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. ज्या इमारतीत संस्थेचे मूळ काम चालते, ती छोट्या किंवा अल्पमुदतीच्या कर्जासाठी तारण देऊ नये. घेतली जाणारी वस्तूच तारण राहील असा प्रयत्न करावा. कार्यकारिणीतल्या कोणाकडे वैयक्तिक हमी मागितली गेली, तर हमी म्हणजे स्वतःच्या घरापर्यंत येऊ शकणारी जबाबदारी आहे, हे त्या व्यक्तीला स्वतंत्र वकिलाकडून समजावून दिल्याशिवाय सही घेऊ नये. ओळखीच्या आणि भिडस्त माणसांच्या संस्थांमध्ये नेमकी हीच सही घाईने घेतली जाते.

रक्कम हाती आल्यावर

कर्जाची रक्कम ठरलेल्या कामाखेरीज इतरत्र वळवू नये, आणि हिशेबात तिची नोंद वेगळी ठेवावी. पहिला हप्ता सुरू होण्याआधी किमान तीन हप्त्यांइतकी बिनशर्त रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता आली, तर वरच्या उदाहरणातल्या त्या दोन रिकाम्या महिन्यांत चालकाचा पगार थांबवावा लागत नाही. दर महिन्याच्या बैठकीत जमा, येणी, पुढचे तीन हप्ते आणि शिल्लक एवढे चार आकडे कार्यकारिणीपुढे यावेत. तक्त्यात पुढचा खड्डा दिसू लागला की हप्त्याच्या तारखेच्या महिनाभर आधीच कर्ज देणाऱ्याला लेखी कळवावे, सोबत सुधारित तक्ता जोडावा आणि किती हप्ते किती काळ पुढे ढकलून हवेत ते नेमके लिहावे. शेवटचा हप्ता भरल्यावर कर्ज नसल्याचा दाखला घ्यावा, वाहनाच्या किंवा जागेच्या नोंदीवरून तारणाचा बोजा उतरवून घ्यावा आणि हमीपत्रे परत मागून ती रद्द झाल्याचे लेखी घ्यावे.