ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, तरी सेन्सर लगेच बदलू नका

जुन्या गाडीचा चेक इंजिन दिवा लागला आणि स्कॅनरने पी ०१३१ (ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज कमी) किंवा पी ०१३३ (सेन्सरचा प्रतिसाद मंद) हा कोड दाखवला, की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: सेन्सर बदलून टाका. हा सल्ला महागात पडतो आणि अनेकदा चुकीचाही ठरतो. कोड सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलविषयी किंवा त्याच्या सर्किटविषयी असतो. हा सेन्सर एक्झॉस्टमधील, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातील, ऑक्सिजन व्होल्टेजच्या रूपात सांगतो; ऑक्सिजन जादा, तर व्होल्टेज कमी. एक्झॉस्टमध्ये खरोखरच जादा ऑक्सिजन असेल, तर तसे सांगणारा सेन्सर आपले काम चोख करत असतो.

पुढील तपासणी चार तारांच्या साध्या झिर्कोनिया सेन्सरसाठी आहे. भारतातील बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (बिघाड ओळखून कोड साठवणारी गाडीतील यंत्रणा) सक्तीचे झाले आणि त्या काळातील बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हाच सेन्सर आढळतो. वाइडबँड किंवा टायटॅनिया या वेगळ्या प्रकारच्या सेन्सरला येथील आकडे लागू होत नाहीत.

कोड पुसण्याआधी त्यासोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम (कोड लागला त्या क्षणीचे इंजिनाचे आकडे) लिहून ठेवा. चार सिलिंडरच्या गाडीत पी ०१३० ते पी ०१३५ हे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) आधीच्या सेन्सरचे कोड असतात आणि पी ०१३६ ते पी ०१४१ नंतरच्या सेन्सरचे.

पी ०१३५ किंवा पी ०१४१ असेल, तर तक्रार सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटची आहे. फ्यूज पाहा, इंजिन चालू ठेवून कपलरवर (सेन्सरच्या तारांच्या प्लगवर) बारा व्होल्ट येतात का ते पाहा आणि थंड सेन्सरच्या हीटरच्या दोन तारांमधील रोध मोजा. या दोन्ही तारा बहुधा एकाच रंगाच्या असतात. काही ओहम मिळणे अपेक्षित आहे. सर्किट पूर्ण तुटलेले दिसले, तर सेन्सर बदला. येथे अधिक विचाराची गरज नाही. सिग्नलच्या तारांवर मात्र ओहममीटर कधीही लावू नका, त्याने चांगला सेन्सरही बिघडू शकतो.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवले असेल, तर सारी तपासणी पेट्रोलवर करा. अनेक किटांची एक तार सेन्सरच्या सिग्नल तारेला जोडलेली असते. तारेचे आवरण सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळलेला असा जोड उघडला की तांबे हिरवे पडलेले दिसते. तो जोड नीट होईपर्यंत पुढच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आता खरा अवघड टप्पा, म्हणजे सेन्सर मंद आहे की नाही हे ठरवणे. सुरुवातीला मलाही हाच सर्वांत जड गेला, कारण स्कॅनर येथे सहज फसवतो. चांगल्या सेन्सरचा व्होल्टेज गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये सतत वरखाली होत राहतो. परंतु जुन्या गाड्यांचा स्कॅनरशी होणारा संवाद संथ असतो, आणि स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर सहा-सात आकडे एकाच वेळी मागितले की प्रत्येक आकडा फार उशिरा ताजा होतो. मग धडधाकट सेन्सरचा आलेखही आळशी दिसतो आणि लोक नवा सेन्सर विकत घेतात. म्हणून पडद्यावर फक्त त्या एका सेन्सरचा व्होल्टेज ठेवा. शंका राहिली, तर डिजिटल मल्टिमीटर कपलरच्या मागच्या बाजूने सिग्नल तारेला लावा. त्यासाठी तारेला भोक पाडू नका.

गाडी मोकळ्या हवेत उभी करा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि दोन मिनिटे २५०० आरपीएमवर ठेवा. मग ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडा. दाबताना मिश्रण क्षणभर समृद्ध (जास्त इंधनाचे) होते आणि व्होल्टेज ०.८ च्या वर जायला हवा. सोडल्यावर इंधनाचा पुरवठा तुटतो आणि व्होल्टेज ०.२ च्या खाली यायला हवा. दोन्ही बाजूंना तो तत्काळ पोहोचला, तर सेन्सर शाबूत आहे, मग कोड काहीही म्हणो. इंजिन गरम असून हीटर आणि वायरिंग ठीक असतानाही तो मधेच अडकून राहिला किंवा रेंगाळत वर चढला, तर सेन्सर बदला.

सेन्सर शाबूत निघाला आणि व्होल्टेज तरीही बहुतांश वेळ खालीच राहत असेल, तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (इंजिन कॉम्प्युटर इंधनात टक्क्यांनी करत असलेली वाढ-घट) पाहा. आयडलिंगला ट्रिम अधिक (+) वीस टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला बराच कमी असेल, तर व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेक गॅस्केटमधून हवा आत येत आहे. भार वाढताना ट्रिमही वाढत असेल, तर इंधन पंप आणि फिल्टरकडे वळा. मिसफायर होत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो, म्हणून आधी प्लग आणि कॉइल पाहा. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सेन्सरच्या आधीच्या एक्झॉस्ट गळतीकडे, कारण तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर तपासा: मॅनिफोल्डजवळ टिकटिक ऐकू येते आणि सांध्यावर काजळीची काळी रेघ असते. इंजिन तापून धातू फुगला की बारीक फट मिटते आणि गळती हाती लागत नाही.

सेन्सर बदलावाच लागला, तर तो गाडीच्या मॉडेलनुसार घ्या आणि त्याचा मूळ कपलर वापरा. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या आवरणातूनच घेतात, त्यामुळे तार कापून डाख देणे किंवा कपलरमध्ये ग्रीस भरणे मला अजिबात मान्य नाही. आटे सहसा आधीच लेप लावून येतात; टोकाला काहीही लागू देऊ नका आणि जवळपास सिलिकॉन सीलंट वापरू नका.

शेवटी कोड स्कॅनरनेच पुसा. बॅटरीची तार काढून पुसलात, तर इंजिन कॉम्प्युटरने शिकलेली इतर मूल्येही जाऊ शकतात. त्यानंतर काही दिवस शहरात आणि महामार्गावर गाडी चालवा, सेन्सरची स्वयंचाचणी पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसू द्या आणि मगच प्रलंबित कोड (आढळलेले, पण अजून पक्के न झालेले) पुन्हा वाचा.