ज्योतीतला फ्लुओरेसन्स आणि काजळीची चमक वेगळी कशी काढाल?
इथिलीनच्या ज्योतीवर २६६ नॅनोमीटरचा लेसर टाकला की बहुचक्री ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनचा, म्हणजे कार्बनची अनेक कडी जोडलेल्या रेणूंचा, फ्लुओरेसन्स (लेसरचा प्रकाश शोषून रेणूंनी परत सोडलेला उजेड) दिसतो. पण त्याच वेळी काजळीचे कणही तापून चमकतात आणि मोजमाप फुगतं. म्हणून त्याच जागी १०६४ नॅनोमीटरनेही चित्र घ्या. ही तरंगलांबी ते रेणू शोषत नाहीत, त्यामुळे दिसते ती काजळीच. मग पहिल्या चित्रातून हे दुसरं चित्र वजा करा.

त्याआधी मात्र दोन्ही लेसरने काजळी सारखीच तापतेय ना, हे नक्की पाहा. सगळी भिस्त यावरच आहे! त्यासाठी कॅमेऱ्याचं गेट, म्हणजे प्रकाश आत घेणारी क्षणभराची झडप, लेसरच्या झोतानंतर शंभरेक नॅनोसेकंद उशिरा उघडा. तोवर फ्लुओरेसन्स विझलेला असतो, काजळी मात्र अजून चमकत असते. दोन्ही चित्रं जुळेपर्यंत लेसरची ऊर्जा बदला. लेसर बंद ठेवून ज्योतीच्या स्वतःच्या उजेडाचंही एक चित्र घ्याच, म्हणजे तोही वजा करता येईल.