उनपदेवची सायकल राईड : रविवारी निघण्याआधी एवढं बघून घ्या

रविवारी ज्यांना पहिल्यांदाच यायचंय त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो, कारण दर वेळी कोणीतरी शनिवारी रात्री फोन करून विचारतं की काय काय आणू आणि बोलता बोलता निम्मं राहून जातं. जळगावहून निघायचं, विदगावच्या पुलावर तापी ओलांडायची, पुढं जमेल तिथं मोठा रस्ता सोडून गावरस्त्यानं अडावद धरायचं आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यापर्यंत. रस्ता डांबरी, चढ फारसा नाही, म्हणून नवीन लोकांना हे सोपं वाटतं. पाय दमत नाहीत हे खरंच, पण आपल्याकडे राईड बिघडते ती काट्यानं, उन्हानं नाहीतर रस्त्यावरच्या माणसा-जनावरांकडे लक्ष नसल्यानं, आणि तयारी म्हणजे याच तीन गोष्टींची तयारी.

आधी काटा. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला सराटा वाळून पडलेला असतो, तो कसाही पडला तरी त्याचं एक टोक वरच राहतं, आणि बाभळीच्या काट्यांचं तर विचारूच नका, शेताच्या कुंपणाला फांद्या ओढून नेतात त्यातलं काहीबाही डांबरावर सांडतंच. म्हणून फोटोसाठी थांबलात तर सायकल कडेच्या मातीत ढकलत नेऊ नका, उचलून न्या. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण आमच्यातली बरीच पंक्चरं चालवताना नाही, अशी थांबल्यावर झालेली आहेत. प्रत्येकानं स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब, टायर रिममधून उचकायचे दोन टायर लिव्हर, छोटा पंप आणि पॅचचं पाकीट आणायचं, दुसऱ्याकडे असेल या भरवशावर यायचं नाही. आणि ट्यूब आणली म्हणजे झालं असं नाही, ती घरीच डब्यातून काढून रिममध्ये घालून बघा. मागच्या वर्षी मी एका दुकानातून घाईत ट्यूब आणली, नवी कोरी, आणि डांभुर्णीच्या पुढं पंक्चर झाल्यावर कळलं की तिचा वॉल्व्ह माझ्या उंच रिमला पुरतच नाही, वर जेमतेम टोक दिसत होतं आणि पंप काही केल्या धरेना. चाळीस मिनिटं एका निंबाखाली जुन्या ट्यूबला पॅच मारत बसलो आणि सगळा ग्रुप उन्हात थांबला.

नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, सावकाश, पूर्ण गोल. बोटाला टोचायची भीती वाटत असेल तर रुमालाचं टोक फिरवा, काटा असला की धागा अडकतो. हे न करता नवी ट्यूब घातली तर तोच काटा तीही फोडतो आणि मग हातात काहीच उरत नाही. गावात पंक्चरवाला असतो, हवा भरायचा कॉम्प्रेसरही असतो, पण तो मोटारसायकलच्या वॉल्व्हचा, आपल्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हला बसत नाही, त्यासाठी पितळेचा एक इवलासा अ‍ॅडाप्टर मिळतो तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा, अगदी स्वस्तात येतो. हवा एकदम दगडासारखी नको, अठ्ठावीस मिलिमीटर रुंदीचं टायर आणि सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर सत्तर ते पंच्याहत्तर पीएसआय आपल्या खडबडीत डांबराला बरं पडतं, हात बधिर होत नाहीत. ब्रेक दाबून बघा, चेन पुसून कोरड्या हवेला चालणारं पातळ ऑइल थोडंसंच लावा, जास्त लावलं की काळ्या मातीची धूळ त्यावर लेपासारखी बसते.

आता ऊन. डिसेंबर आहे, सकाळी बोटं गारठतील, ग्लोव्हज आणि एक पातळ विंडचीटर लागेलच, पण अकरा वाजले की हेच ऊन पाठीवर चटका देतं आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. दोन बाटल्या भरून आणा, तासाला अर्धा-पाऊण लिटर पोटात गेलं पाहिजे, तहान लागो न लागो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि छोटं दोनशे मिलीसाठी, पाकिटावर वाचून घ्या, कारण मोठं पाकीट सहाशे मिलीच्या बाटलीत ओतून पिणारे मी पाहिलेत, ते द्रावण फार घट्ट होतं, पोट बिघडतं. खायला एनर्जी बार वगैरे विकत घ्यायची मुळीच गरज नाही भो, आपण केळीच्या मुलखातनं चाललोय, दोन केळी आणि गूळ-शेंगदाणे खिशात टाका. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा उन्हात असून अंगावर काटा आला तर लगेच सांगा, लाजू नका, सावलीत बसवून मानेवर पाणी टाकलं की बहुतेक वेळा माणूस सावरतो. कोणी असंबद्ध बोलायला लागला तर मात्र वाट बघायची नाही, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि सरळ १०८. डोक्याला हेल्मेटखाली आणि मानेवर घ्यायला बागायती रुमाल आणाच, घाम पुसायला, ओला करून गळ्यात टाकायला, पंक्चरच्या वेळी खाली अंथरायला, सगळ्याला तोच.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे गावरस्ते जेमतेम पावणेचार मीटर रुंद, काही तर तीनच, आणि त्यावर बैलगाडी, केळीचा ट्रॅक्टर, शेळ्या, निंदणीला चाललेल्या बाया, शाळेतली पोरं, सगळं एकाच वेळी चालू असतं. त्यांचा रोजचा कामाचा रस्ता आहे तो, आपण सकाळचे चार तास पाहुणे. सायकलला घंटी लावून आणा, रोडबाईकवर चांगली दिसत नाही म्हणून काढून ठेवणारे आहेत, त्यांनी परत लावा. पण बैलगाडीच्या अगदी मागं जाऊन घंटी वाजवायची नाही. आपण पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून जो कर्रकर्र आवाज येतो ना, त्यानंही बैल बिचकतो. एकदा माझ्यासमोर डावीकडचा बैल असा एकदम कान टवकारून आत दबला, जू वाकडं झालं, गाडीचं चाक चारीच्या कडेला गेलं आणि वर एक आजी पऱ्हाटीच्या भाऱ्यावर बसलेल्या होत्या. गाडीवानानं कासरा ओढला म्हणून निभावलं, तो मला एक शब्द बोलला नाही आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून मी लांबूनच हाक देतो, "दादा, उजवीकडून येऊन राहिलो", हळूहळू पायडल मारत राहतो आणि त्यानं मागं बघितल्यावरच पुढं जातो.

कोणी मका किंवा ज्वारी रस्त्यावर वाळत घातली असेल तर उतरून कडेनं सायकल हातात घेऊन जायचं, त्या दाण्यावरून चाक न्यायचं नाही, रस्ता सरकारी आहे वगैरे वाद तिथं घालायचा नाही. पाण्याचे पाईप रस्त्यावर आडवे टाकून वर माती लोटलेली असते, लांबून नुसती सावली वाटते, पुढच्यानं हात खाली दाखवून मागच्याला सांगायचं. केळीची कापणी चालू असेल तिथं पानं आणि घडाचे दांडे पडलेले असतात, ओल्या केळीच्या पानावर ब्रेक मारला की चाक निसटलंच समजा, आधीच वेग कमी करा. कुत्रं मागं लागलं तर पळवू नका, हळू व्हा, जोरात "हाड" म्हणा, बहुतेक तिथंच थांबतं. आणि कोणी विचारलं, "काय भो, केवढ्याची सायकल?" तर थांबून नीट उत्तर द्या.

बाकीचं पटकन. पुढं पांढरा, मागं लाल लाईट, चार्ज केलेला. शे-दोनशे रुपये सुटे, फोन, घरच्यांचा नंबर एका कागदावर लिहून खिशात. उनपदेवला लोक श्रद्धेनं येतात, बाया-मुलं असतात, तेव्हा सायकलिंगच्या शॉर्टवरून घालायला एक ट्रॅकपँट आणि पायात साधी चप्पल, पायडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनी ओल्या फरशीवर हमखास घसरायला होतं. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचा बेत आहे, पण तो परत आल्यावर, तेलाचं पोटभर खाऊन उन्हात परतीची राईड कोणालाच झेपलेली नाही.

टायरमध्ये हवा शनिवारी रात्रीच भरून ठेवा आणि सकाळी उठल्या उठल्या दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघा. रात्रीत एखादं बसलं असेल तर काटा आधीच आत आहे, घरच्या उजेडात काढा, साडेसहापर्यंत थांबतो आम्ही.