पोट साफ होत नाही? चूर्णाच्या डबीआधी एवढं करून बघा

आमच्या बाबांनी जवळजवळ चार वर्षं रोज रात्री चूर्ण घेतलं. आधी एक चमचा, मग दीड, मग दोन, आणि तरी सकाळी अर्धा तास आत बसून बाहेर आले की कपाळावर घाम आणि तेच वाक्य, "आज पण मोकळं वाटत नाही गं." एकदा चष्मा लावून डबीमागची बारीक अक्षरं वाचली तर मुख्य घटक सोनामुखी. सोनामुखी आतड्याला ढकलून हलवते, रात्री घेतली की सहा ते बारा तासांत पोट होतं, पण ती चार-आठ दिवसांपुरती आहे, आपल्या मनाने महिनोन्महिने घ्यायची नाही. वनस्पती आहे म्हणजे रोज चालेल असं आपण धरून चालतो, तिथेच चुकतं.

आधी एक भीती काढून टाका. रोज शौचाला झालीच पाहिजे असा नियम नाहीये. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मल धरतात. कडक खडा होणं, कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, हा त्रास.

सुरुवात सकाळच्या वेळेपासून करा. उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं आपोआप हालचाल करायला लागतं, ही वेळ फुकट घालवू नका. कोमट पाणी, चहा, थोडा नाश्ता, आणि मग पंधरा-वीस मिनिटांनी जाऊन बसा, कळ आली नसली तरी. पाच-दहा मिनिटं पुरे, जोर करायचा नाही आणि मोबाईल बाहेर ठेवायचा, कारण त्या नादात माणूस अर्धा तास बसतो आणि मूळव्याधीला आमंत्रण देतो. आपल्याकडे सात वाजता घराबाहेर पडून हिंजवडीची बस पकडायची असते, मग कळ आली तरी दाबून टाकतात, ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जायला नको वाटतं म्हणून पुन्हा दाबतात, शाळेतल्या मुलींचं तर विचारूच नका. मल जितका वेळ आत राहतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं आणि तो आणखी कडक होतो. त्यापेक्षा अर्धा तास लवकर उठा.

कमोड असेल तर पायाखाली काहीतरी घ्या. बाबांचं सगळं आयुष्य पेठेतल्या वाड्यात उकिडवं बसण्यात गेलं, फ्लॅटमध्ये आल्यावर कमोड. उकिडवं बसलं की गुदाशयाला आवळून धरणारा स्नायू सैल पडतो, वाट सरळ होते आणि कमी जोर लागतो. आम्ही आधी जेवायचे दोन पाट एकावर एक ठेवले, ते ओल्या फरशीवर घसरले, बाबा पडता पडता वाचले. मग खाली रबर असलेलं सात-आठ इंच उंचीचं बुटकं स्टूल आणलं, त्यावर पाय, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, अंग जरा पुढे. पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "वाड्यासारखं वाटतंय." वयस्कर माणूस असेल तर भिंतीला धरायला हँडल पण बसवून घ्या.

ताटात बदल. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण दहा ग्रॅम फायबर असतं, बाजरीत थोडं जास्तच, आणि मैद्यात जेमतेम तीन. म्हणजे सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव, रात्री पुन्हा भात, असा दिवस असेल तर पोटाने तरी काय करावं. एका जेवणाला भाकरी, बरोबर पालेभाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडी नाहीतर गाजराची कोशिंबीर, एवढं रोज जमवा. पेरू बियांसकट खा, पिकलेली पपई खा. सीझनमध्ये मंडईत पुरंदरचे ताजे अंजीर येतात ते सोडू नका, एरवी दोन सुके अंजीर आणि दहा-बारा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट. हे सगळं एकदम सुरू केलंत तर गॅसने पोट फुगेल, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. आणि पाणी! फायबर वाढवलं आणि पाणी नाही वाढवलं तर त्रास उलट वाढतो. दिवसभरात आठ-दहा ग्लास, त्यात ताक, सार, वरणाचं पाणी सगळं धरा. किडनी किंवा हार्टसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेच पाळा.

रोज अर्धा तास चाला, तळजाईची टेकडी असो नाहीतर सोसायटीचं पार्किंग.

एवढं करूनही अडलं तर औषधी. पहिला नंबर इसबगोल. एक ते दोन चमचे पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर अजून पाणी, कोरडं कधीच तोंडात टाकायचं नाही, घशात फुगून अडकू शकतं. बाकीच्या गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा आणि दोन-तीन दिवस वाट बघा, एका रात्रीत होत नाही. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा, अर्धा-एक चमचा रात्री कोमट पाण्यातून. सोनामुखी आणि एरंडेल मात्र गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

चालू गोळ्याही तपासा. लोह, कॅल्शियम, काही अँटासिड आणि दुखण्याच्या स्ट्राँग गोळ्यांनी पोट बांधलं जातं, बाबांच्या बाबतीत कॅल्शियमचा हात होताच. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. थायरॉईड कमी असेल तरी असं होतं. बाबांचं चूर्ण डॉक्टरांना विचारून तीन आठवड्यांत उतरवत बंद केलं, मधले काही दिवस अवघड गेले, आता रात्री फक्त इसबगोल आहे.

मलातून रक्त जातंय, वजन उतरतंय, किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दाखवा. आणि पोट फुगून दुखतंय, उलट्या होतायत, गॅसही सरत नाहीये असं एकदम झालं तर कुठलंही रेचक न देता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, हॉस्पिटल गाठा.