बँकेने तक्रार फेटाळली, तरी विम्याचे पैसे परत मिळाले (माझा अनुभव)

2016 ची गोष्ट, लंडनमधली. क्रेडिट कार्डाच्या जुन्या स्टेटमेंटवर ‘पीपीआय’ची, म्हणजे नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर कार्डाची देणी भरणाऱ्या विम्याची, ओळ दिसली : दर शंभर पौंड थकबाकीमागे 79 पेन्स, दरमहा. हा विमा मी मागितलाच नव्हता. तक्रार केली. बँकेचं उत्तर आलं, ‘अर्जावर तुम्हीच खूण केली आहे.’

खूप राग आला, पण पत्र फाडलं नाही, हे बरं झालं. त्याच पत्रात खाली लिहिलं होतं की सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे (बँक आणि ग्राहक यांच्यातले वाद सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येईल. तिथे ग्राहकाला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे टक्केवारी मागणाऱ्या एजंटांना मी सरळ नाही म्हटलं.

आधी दहा पौंड भरून बँकेकडून माझी सगळी कागदपत्रं मागवली. अर्जाची प्रत हातात आली आणि डोळे उघडले. माझ्या बाकीच्या खुणा पेनाच्या, तिरक्या. विम्याच्या चौकटीतली मात्र छापील. शिवाय व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘स्वयंरोजगार’. आणि विम्याच्या अटींप्रमाणे धंदा पूर्ण बंद झाल्याखेरीज मला बेकारीची भरपाई मिळणारच नव्हती! हे दोन मुद्दे, पानांच्या प्रतींसह, ओम्बड्समनला पाठवले. बाकी रडगाणं गाळलं.

बरेच महिने गेले, पण निकाल माझ्या बाजूने लागला. सगळे हप्ते, त्यांच्यावर कार्डाने लावलेलं व्याज आणि वर 8 टक्के सरळव्याज मिळालं. त्या 8 टक्क्यांच्या रकमेतून बँकेने कर कापला होता. तो आर40 फॉर्म भरून परत मागितला.