‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ दाखवून वाद नीट कसा घालावा

नेरूळ-वाशीच्या फ्लॅटमध्ये सहा-आठ जण जमणार असतील तर ५ला सुरू करा. २००५चा हा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला सिनेमा १४० मिनिटांचा आहे. १५ मिनिटं चहा आणि पाऊण तास चर्चा धरली तर सव्वाआठ-साडेआठला मोकळे. डोंबिवली-कल्याणवाल्यांना ठाण्याला गाडी बदलायची असते, हे विसरू नका.

टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः भरणारं सेटिंग) आधी बंद करा. ते चालू राहिलं की सेकंदाला २४ फ्रेमचं दृश्य मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं, मग ‘ग्राफिक्स खोटे’ हा शेरा सिनेमाला बसतो, दोष मात्र सेटिंगचा असतो. पडदेही ओढा.

मध्यंतर ऑपेराच्या प्रसंगानंतर घ्या. कपटी सत्ताधीश पॅल्पटीन तरुण योद्धा अनाकिनला गळाला लावतो तो इथेच, आणि खरा वाद यावरच असतो: अनाकिनचं पतन पटण्यासारखं की घाईचं?

संपल्यावर लगेच बोलू देऊ नका. पहिला मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांचं मत ठरवून टाकतो. चिठ्ठीवर कथा, संवाद, संगीत-दृश्यं यांना वेगळे गुण द्यायला लावा. अनाकिनचे बायको पद्मेबरोबरचे संवाद कानाला टोचलेला माणूसही मुस्ताफार ग्रहावरच्या द्वंद्वाला आणि जॉन विल्यम्सच्या संगीताला भरभरून गुण देतो. एकच आकडा मागितला तर हे हरवतं.

याच पात्रांवरची ‘क्लोन वॉर्स’ ही ॲनिमेशन मालिका पाहिलेल्यांच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा. अनाकिनबद्दलची त्यांची सहानुभूती बरीचशी तिथून आलेली असते, सिनेमाने ती कमावलेली नसते.