क्रूझवरून लक्षद्वीपच्या बेटावर उतरताना

मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी क्रूझ अगत्तीला थांबते, पण धक्क्याला लागत नाही. बेटाभोवतालच्या प्रवाळभित्तीमुळे मोठे जहाज आत शिरू शकत नसल्याने ते बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. या ने-आणीत बराच वेळ जातो, म्हणून शक्यतो पहिल्याच फेरीत नंबर लावावा. होडीत उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत: लाटेबरोबर होडी वर-खाली होत असते, तेव्हा खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी समुद्र खवळलेला असल्यास जहाजावरच थांबावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

बेटावर प्रवेशासाठी परवाना लागतो. तो कोण काढणार, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. सोबत मूळ ओळखपत्र, पिण्याचे पाणी, टोपी आणि थोडी रोकड असावी.

उथळ पाण्यात रबरी तळव्याचे बूट घालावेत, मात्र प्रवाळांवर उभे राहू नये, कारण तो दगड नसून सजीवांची वसाहत असते. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे वाळूत पडलेला तुकडाही उचलू नये. अगत्तीवर दारूबंदी आहे. वस्ती प्रामुख्याने मुस्लिम असल्याने पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नये. परतीच्या शेवटच्या होडीची वेळ मात्र उतरण्यापूर्वीच लिहून घ्यावी.